गाडी चालवताना पॅनिक अटॅक : पुन्हा स्टिअरिंग हातात घेताना

रानजाई

गाडी उत्तम चालवता येते, पण चालवताना जीव घाबरा होतो म्हणून किल्लीला हातच लावत नाही, अशी माणसं आपल्या आजूबाजूला बरीच आहेत. ती हे सांगत नाहीत. "हल्ली ट्रॅफिक फार झालंय", "पार्किंग मिळत नाही", "कॅबच बरी पडते" असं काहीतरी म्हणतात. मीही बराच काळ हेच म्हणत होते. आता पुन्हा गाडी चालवतेय, तर जे समजलं ते इथे सविस्तर लिहिते. ज्यांना हा त्रास आहे किंवा घरात कुणाला आहे, त्यांनीही जरूर लिहा.

माझं माहेर डोंबिवलीचं, घर आणि नोकरी पुण्यात. एक्सप्रेस वे अंगवळणी पडलेला. एकदा पनवेलच्या अलीकडे भाताणच्या बोगद्यात शिरले. हा बोगदा किलोमीटरभराहून थोडा जास्त आहे. मध्यावर आले आणि छातीत धडधड सुरू झाली. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, तळहात घामाने ओले, समोरचे दिवे एकदम लांब गेल्यासारखे. आता शुद्ध जाणार, गाडी भिंतीवर आदळणार, मागचा ट्रक अंगावर येणार, एवढंच डोक्यात. बाहेर पडल्यावर गाडी कडेला घेतली, घरच्यांना बोलावलं. रुग्णालयात ईसीजी काढला, तो नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलं.

त्या दहा मिनिटांपेक्षा पुढच्या काळाने जास्त नुकसान केलं. आधी एक्सप्रेस वे सुटला. मग जुना हायवे. मग चांदणी चौक, मग उड्डाणपूल. मग सिग्नलला उजवी लेन नको वाटायला लागली, कारण तिथून पटकन डावीकडे निसटता येत नाही. शेवटी गाडी सोसायटीत धूळ खात उभी. आपण एखादा रस्ता टाळला की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यातूनच मेंदू शिकतो की तिथे खरोखर धोका होता, बरं झालं टाळलं. पुढच्या वेळी भीती आणखी अलीकडच्या चौकात येऊन उभी राहते. हे मला समुपदेशकाने कागदावर गोल काढून समजावलं तेव्हा अक्षरशः रडू आलं, कारण माझी सगळी हकीकत त्या गोलात बसत होती.

आम्ही जे केलं त्याला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, सीबीटी म्हणतात. पहिले काही आठवडे गाडीचं नावही नव्हतं. खोलीतच मला खुर्चीत गरगर फिरवलं, बारीक स्ट्रॉमधून नाक दाबून श्वास घ्यायला लावला, जिना धावत चढायला लावला. म्हणजे चक्कर, घुसमट आणि धडधड मुद्दाम आणायची, आणि काही न करता ती जाईपर्यंत बसायचं. सुरुवातीला हे विचित्र वाटलं. पण रस्त्याच्या भीतीच्या मुळाशी असते ती गाडीत पुन्हा तसंच होण्याची भीती. धडधड झाली तर झाली, हे शरीराला आधी जमिनीवर पटवावं लागतं.

मग गाडीतली सामग्री काढायला घेतली. माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये पाण्याची बाटली, आलेपाक, गोळीची स्ट्रिप आणि करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर असायचा. सिग्नलला गाडी थांबली की मी तो बोटाला लावायची. ९८. पुढच्या सिग्नलला पुन्हा लावायची. पुन्हा ९८. दर वेळी तो आकडा बघून जीव भांड्यात पडायचा आणि दोन चौक पुढे गेल्यावर पुन्हा बघावासा वाटायचा. समुपदेशकाने तोच सगळ्यात आधी घरी ठेवायला लावला. "आकडा चांगला आला म्हणून तुम्ही वाचलात, असं तुमच्या मनाने धरलंय. आकडा न बघताही तुम्ही वाचताच, हे त्याला कळायची संधीच मिळत नाहीये." हे वाक्य मी विसरणार नाही.

गाडीची सुरुवात रविवारी पहाटे, रिकाम्या रस्त्यांवर. मग कात्रजचा जुना घाट आणि तिथला जुना, लहानसा बोगदा. वाहतूक कमी, कडेला थांबायला जागा. त्यानंतर नवा बोगदा. आधी नवरा शेजारी, मग मागच्या सीटवर, मग मागून दुसऱ्या गाडीत, मग घरी. एक छोटी वही होती. निघण्यापूर्वी त्यात लिहायचं की आज काय होईल असं वाटतंय, आणि ते किती टक्के खरं वाटतंय. "बोगद्यात हात सुटतील आणि गाडी भिंतीला लागेल, ८० टक्के." परत आल्यावर शेजारी, प्रत्यक्षात काय झालं ते. "धडधड झाली. हात थरथरले. गाडी लेनमध्येच होती." भीती किती वाटली हा प्रश्नच त्या वहीत नव्हता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भीती गेल्यावर चालवेन म्हणून मी थांबले होते. प्रत्यक्षात भीती शेजारी बसलेली असतानाच चालवायला लागले, आणि ती पुढे कधीतरी आपोआप कमी झाली. अजूनही अधूनमधून येते.

गोदाकाठ

ताई, वाचताना अंगावर काटा आला. माझं सगळं हेच, फक्त बोगद्याच्या जागी कसारा घाट. नाशिकहून ठाण्याला आठवड्यातून एकदा जावंच लागतं. उतारावर पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये मी. आता ट्रेननेच जातो. मला एकच विचारायचंय. गाडी चालवताना प्रत्यक्ष अटॅक आलाच तर त्या क्षणी नेमकं काय करायचं? तेवढं कुणी नीट सांगत नाही.

रानजाई

गोदाकाठ, सांगते. पहिली गोष्ट म्हणजे करकचून ब्रेक मारायचा नाही आणि बोगद्यात किंवा घाटाच्या वळणावर थांबायचं नाही. अटॅकपेक्षा ते कितीतरी जास्त धोक्याचं आहे. इंडिकेटर देऊन हळूहळू डाव्या लेनला यायचं, वेग थोडा कमी करायचा. मी स्टिअरिंग इतकं घट्ट आवळायची की खांद्यापर्यंत कळ जायची आणि ती कळ हृदयाची वाटायची. म्हणून बोटं मुद्दाम सैल करायची, खांदे खाली सोडायचे. श्वास मोठा आत ओढायची घाई करायची नाही, बाहेर सोडताना वेळ घ्यायचा. नजर लांब, रस्त्यावर. मनात म्हणायचं, "हा अटॅक आहे, मागेही आला होता, वर चढेल आणि उतरेल." बहुतेकांचा जोर दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो.

चालवणं जमत असेल तर पुढचा फूड मॉल, पेट्रोल पंप किंवा एक्झिट गाठायची. अगदीच जमत नसेल, दिसत नसेल, तर जिथे शोल्डर, म्हणजे रस्त्याच्या कडेची पट्टी, रुंद आहे तिथे हॅझर्ड लाइट लावून थांबायचं, डाव्या दाराने उतरायचं आणि कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. गाडीत बसून राहायचं नाही. हायवेला कडेला उभ्या गाडीला मागून धडक बसण्याचे अपघात फार होतात.

शांत झाल्यावर शक्य असेल तर थोडं अंतर तरी स्वतः चालवायचं. पुढच्या पंपापर्यंत का होईना. तिथेच किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली की शेवटची आठवण भीतीचीच राहते.

कडुनिंब

मी फॅमिली डॉक्टर आहे. धागा चांगला आहे, पण एक-दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात.

धडधड म्हणजे पॅनिक असं घरी बसून ठरवू नका. थायरॉइड वाढलेला असला, हिमोग्लोबिन कमी असलं, साखर उतरली, हृदयाचे ठोके मधूनच अनियमित होत असले, कानाच्या आतल्या भागामुळे चक्कर येत असली तरी असाच त्रास होतो. दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, रिकाम्या पोटी भरपूर कॉफी यांनीही ठोके वाढतात. एकदा नीट तपासून घ्या, ईसीजी काढा, रक्ताच्या साध्या चाचण्या करा. चाळिशी उलटलेली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू असेल, छातीत दाब येऊन तो हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर सरळ रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा. मात्र एकदा नीट तपासणी झाली की दर आठवड्याला नवा ईसीजी काढू नका. रानजाईंच्या ऑक्सिमीटरसारखाच तोही एक आधार होऊन बसतो.

शुद्ध जाईल ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. शुद्ध हरपते ती बहुधा रक्तदाब एकदम उतरल्यामुळे. पॅनिकमध्ये ठोके आणि रक्तदाब दोन्ही साधारणपणे वाढलेले असतात, त्यामुळे त्यात बेशुद्ध पडणं क्वचितच घडतं. मग चक्कर का येते? घाबरून आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात आणि गरगरतं. ओठ आणि बोटांतल्या मुंग्याही त्यातूनच. ऑक्सिजन भरपूर असतो, म्हणून तर आकडा ९८ येत होता. पण कुणाची शुद्ध खरोखर गेली असेल, फिट आली असेल, तर निदान होईपर्यंत त्याने गाडी चालवू नये. लायसन्सच्या अर्जातल्या स्वयंघोषणेतही हे विचारलेलं असतं.

"आमच्या वेळी हे असलं नव्हतं" असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो. जेकब दा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरने १८७१ साली यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, धाप आणि छातीतलं दुखणं नोंदवून ठेवलंय. पॅनिक डिसऑर्डर हे स्वतंत्र निदान म्हणून अमेरिकन वर्गीकरणात १९८० साली आलं. त्रास जुनाच आहे.

औषधांबद्दल. रोज घ्यायच्या ज्या गोळ्या सायकॅट्रिस्ट देतात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात कधी कधी अस्वस्थपणा वाढतो. तेवढ्याने घाबरून सोडू नका, डॉक्टरांना कळवा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या पटकन शांत करतात, पण झोप आणतात, प्रतिक्रिया मंदावतात, सवय लागते. त्या घेऊन गाडी चालवायची नाही. शेजाऱ्याची उरलेली स्ट्रिप तर कधीच नाही. आणि रोज चालू असतील तर मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

सोनचाफा

माझ्या बायकोला हा त्रास आहे. ती चालवते तेव्हा मी शेजारी असतो. तिचा श्वास वाढला की मीच घाबरतो आणि "काही होत नाही गं, मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस" असं बोलत सुटतो. त्याने ती जास्तच चिडते. मी काय बोलावं?

घाटमाथा

सोनचाफा, कमी बोला. माझा धाकटा भाऊ यातून गेलाय. "मनाचे खेळ" म्हटलं की त्याला वाटायचं, याला माझं खोटं वाटतंय. त्याच्या छातीत खरंच धडधडत असतं. मी नंतर एवढंच म्हणायला शिकलो, "कळतंय मला. घाई नाहीये. पुढे डावीकडे पंप आहे, तिथे थांबायचं की पुढे जायचं, तू सांग." निर्णय त्याच्याकडे ठेवायचा. स्टिअरिंगला हात घालायचा नाही, आणि दर दोन मिनिटांनी "बरं वाटतंय का?" विचारायचं नाही. त्या प्रश्नाने तो पुन्हा स्वतःची नाडी तपासायला लागायचा. मी गाडीत क्रिकेटबद्दल बोलायचो, उत्तराची अपेक्षा न ठेवता.

रानजाई, एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. पाण्याची बाटली काढून टाकणं मला पटत नाही. उन्हाळ्यात कुणीही पाणी ठेवतं. भावाला श्वासाच्या व्यायामाने आणि शेजारच्या बाटलीनेच पहिल्यांदा हायवेवर परत येता आलं. सगळंच काढून घेतलं असतं तर तो बाहेरच पडला नसता.

रानजाई

घाटमाथा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि सुरुवातीला मीही बाटली ठेवलीच होती. पाणी तहान लागली म्हणून प्यायचं असेल तर बाटली असू द्या की. माझी अडचण अशी होती की बाटली घरी राहिली तर मी गल्लीतून गाडी परत वळवायची. श्वासाचंही तसंच. श्वास लांब सोडल्याने गरगरणं कमी होतं हे खरं आहे, पण "आता श्वास नीट सोडला नाही तर मेले" असं वाटायला लागलं तर तो व्यायाम राहत नाही. पहिल्या पायरीला आधार घ्यावा आणि वर चढताना तो एकेक करून सोडावा, एवढंच मला म्हणायचंय. तुमच्या भावाने बाटली पुढे सोडली का?

घाटमाथा

सोडली नाही, पण आता ती डिकीत असते. :)

सातासमुद्रापार

मी मेरिलंडमध्ये असतो. इथे चेसापीक उपसागरावर बे ब्रिज आहे, साधारण ७ किलोमीटरचा. पहिला पूल १९५२ चा, त्याच्या शेजारचा दुसरा १९७३ चा. मध्यभागी पाण्यापासून फार उंच जातो आणि कडेला शोल्डर नाही. या पुलाला घाबरणारे इतके लोक आहेत की पैसे घेऊन तुमची गाडी तुमच्यासह पलीकडे नेऊन देणारी सेवा इथे व्यवसाय म्हणून चालते. ड्रायव्हर येतो, तुम्ही शेजारी बसता, पलीकडे तो उतरतो.

मी ती सेवा वापरली आहे. ती आहे हे कळलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की मी एकटा नाही, आणि ते फार मोलाचं होतं. पण मी डोळे मिटून पलीकडे जायचो आणि पुढच्या खेपेला पूल तेवढाच भयंकर असायचा. थेरपिस्टने सांगितलं, सेवा घ्या, पण डोळे उघडे ठेवा, पाण्याकडे बघा. मग मित्र शेजारी बसवून मी चालवला. बायको-मुलांना पुण्याहून आलेल्या सासूबाईंसकट समुद्रकिनारी मीच घेऊन गेलो तेव्हा सासूबाईंना पुलाचा इतिहास सांगत होतो. रानजाई म्हणतात तसं, धडधड होतीच.

पिवळीपाटी

मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. मी टूरिस्ट गाडी चालवतो, पुणे-मुंबई विमानतळ. रात्रीच्या फेऱ्या. मागच्या वर्षी घाटात पॅसेंजर मागे झोपलेला असताना असं झालं. तुम्ही लोक रस्ता टाळू शकता, मी नाही टाळू शकत, हप्ता आहे. मालकाला सांगितलं तर तो गाडी काढून घेईल. पॅसेंजरला कळलं तर रेटिंग जाईल. डॉक्टरकडे गेलो तर झोपेची गोळी देतील आणि मग चालवणार कशी? थेरपीचे एवढे पैसे पण नाहीत. रात्री बारानंतर जास्त होतं.

कडुनिंब

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. सगळ्यात आधी झोप. रात्रीची फेरी, वर चहा आणि तंबाखू, अर्धवट झोप, यांनी अटॅक यायला रान मोकळं मिळतं, आणि डुलकीचा धोका तर अटॅकपेक्षा मोठा. महिनाभर दिवसाच्या फेऱ्या मागून बघा. कारण म्हणून मालकाला "रात्री डोळ्यांना त्रास होतो" असं काहीतरी सांगू नका, ते पुढे अंगाशी येतं. "रात्रीची झोप होत नाही, डॉक्टरांनी दिवसा चालवायला सांगितलंय" एवढं सांगा. ते खरंच आहे.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, मी व्यवसायाने ड्रायव्हर आहे. मग गुंगी न आणणारी औषधं निवडायचा प्रयत्न होतो. नवीन गोळी सुरू केल्यावर आपल्यावर तिचा काय परिणाम होतो हे कळेपर्यंत पॅसेंजर घेऊ नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे खर्च अगदी कमी येतो. आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. रात्री फेरी संपवून गाडीत बसल्या बसल्याही लावू शकता.

रानजाई

दादा, तुमच्यापुढे माझा प्रवास सोपा होता हे मला कबूल आहे. रविवार पहाट निवडायची चैन तुम्हाला नाही. पण एक गोष्ट तुमच्याकडे आहे जी माझ्याकडे नव्हती. अटॅक येऊनही तुम्ही पॅसेंजरला सुखरूप पोचवलंत आणि त्यानंतरही चालवत आलात. वहीत लिहायच्या उजव्या बाजूच्या नोंदी तुमच्याकडे आधीपासून आहेत. त्या लिहून काढा. मालकाने त्रास दिला तर इथे लिहा, कामगार कायद्यातलं समजणारी माणसं या ठिकाणी आहेत.

सोनचाफा

घाटमाथा, काल तसंच केलं. गप्प बसलो. बायको म्हणाली, आज तुला काय झालंय? पण कोथरूडहून हडपसरपर्यंत तीच घेऊन गेली.

बाकी कुणाला अपघातानंतर असं होतं का? तिची मैत्रीण अपघातात होती, तिला ब्रेकचा आवाज आला तरी तो प्रसंग डोळ्यांसमोर येतो, स्वप्नं पडतात. तिलाही हेच करायला सांगू का?

कडुनिंब

नको. अपघातानंतर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येत असेल, झोप उडाली असेल, तर त्यावरचे उपचार वेगळ्या पद्धतीचे असतात. तिला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाऊ द्या. ठाण्याच्या बाजूची असेल तर डॉ. आनंद नाडकर्णींनी उभी केलेली, मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच संस्था आहे. घाटात नेऊन बसवू नका.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. मी ठरवलंय की कसारा सध्या नको. आधी नाशिक ते इगतपुरी, तिथून परत. पण घरचे म्हणतात की घाटच टाळायचा असेल तर समृद्धीने जा, आता थेट ठाण्याजवळ उतरता येतं. तिथे इगतपुरीचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे. कंटेनर बरे की बोगदा बरा, तुम्हीच सांगा.

रानजाई

गोदाकाठ, तुम्हाला बोगद्याचा त्रास नाही ना? मग समृद्धी वापरायला हरकत काहीच नाही, कामासाठी खुशाल जा. ताशी ८० च्या वेगाने तो बोगदा सहा मिनिटांत संपतो. फक्त कसारा सोडून देऊ नका, नाहीतर तो तुमच्या यादीत कायमचा राहील. इगतपुरीपर्यंतची फेरी सहज जमायला लागली की घाट उतरायच्या आधी चढून बघा, म्हणजे मुंबईकडून नाशिककडे. चढणीला वेग आपोआप कमी राहतो, ब्रेकची चिंता नसते. सकाळी लवकर, सुट्टीचा दिवस सोडून, कारण सुट्टीला गर्दी असते. सोबत कुणी येणार असेल तर पहिल्यांदा शेजारी बसू द्या. आणि निघण्यापूर्वी कंटेनर काय करेल असं वाटतंय ते टक्क्यांसकट लिहून ठेवा. परत आलात की इथे टाका, दोन्ही बाजू.